म्युझियम, मैफल आणि बाजार: किट लेन्स आणि ५० मिमीवर तिन्ही कसं जमवायचं? (जळगाव-धुळे-चाळीसगाव)

मेहरुणकाठ विचारतात:

राम राम मंडळी. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, २४ मेगापिक्सेल. सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स आणि वरून घेतलेली ५० मिमी एफ/१.८, एवढाच संसार. दिवाळी ते होळी, म्हणजे ऊन सोसवतं तोवर, सुटीच्या दिवशी तीन तऱ्हेची ठिकाणं करायची आहेत. एक, चाळीसगावचं छायाचित्रकार केकी मूस यांचं संग्रहालय आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. दोन, जानेवारीतला जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव. तीन, उरलेल्या रविवारी फुले मार्केट, दाणा बाजार, सराफ बाजार, धुळ्याचं पाचकंदील.

अडतं कुठे ते सांगतो. काचेमागच्या चित्रात चित्रापेक्षा ट्यूबलाइट आणि माझा शर्टच जास्त दिसतो. स्टेजच्या फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, तबलजीचे हात पुसले जातात, आणि लाल लाइट पडला की गायकाचा चेहरा टोमॅटो. बाजारात पांढरी टोपी फटफटीत आणि टोपीखालचा चेहरा काळाठिक्कर. शिवाय फोकस लागेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो.

एक लेन्स घेण्याइतकं बजेट आहे. ८५ मिमी एफ/१.८ घ्यावी की ७०-३०० एफ/४.५-६.३? ट्रायपॉड आत चालत नाही हे धरून सांगा. आकड्यांत सांगितलंत तर बरं, "प्रकाशाशी मैत्री करा" वगैरे वाचून झालंय.

---

पांझराकाठ:

म्युझियमचं मी घेतो, स्टेजचं जाणकार सांगतील.

काचेतलं प्रतिबिंब दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींवर इलाज वेगळा. वस्तू शोकेसमध्ये असेल, म्हणजे काच आणि वस्तू यांत अंतर असेल, तर लेन्सवर रबरी हूड लावून ती काचेला अलगद टेकवायची. हूड काचेला चिकटला की बाहेरचा प्रकाश आत यायला जागाच राहत नाही. दाबायचं नाही, टेकवायचं. धातूचा किंवा कडक प्लास्टिकचा हूड काचेला लावू नका, ओरखडा पडला की पुढच्या सगळ्यांचा कॅमेरा बंद होतो. काच बोटांच्या ठशांनी भरलेली असेल तरी घाबरू नका. लेन्स टेकलेली असली की ठसे इतके फोकसबाहेर जातात की दिसत नाहीत. फक्त एफ/११ वगैरे करू नका.

फ्रेममधलं चित्र किंवा फोटो असेल तर हे जमत नाही, कारण काच चित्रालाच लागून असते आणि तुम्हाला मागे उभं राहावं लागतं. तिथे प्रतिबिंब कशाचं पडतंय ते बघा. समोर उभं राहिल्यावर काचेत दिसतो तो तुमच्या मागचा भाग: तुम्ही, तुमच्या मागची भिंत, खिडकी. म्हणून शर्ट गडद घाला, कॅमेऱ्याचा पांढऱ्या अक्षरांचा पट्टा मनगटाला गुंडाळा. सोबत कोणी असेल तर दीड मीटर काळं सुती कापड न्या (साधं कॉटन, सॅटिन नको, ते चमकतं). मधे लेन्सच्या घेराएवढं भोक पाडायचं, लेन्स त्यातून बाहेर काढायची, सोबत्याने कापड दोन्ही हातांनी ताणून धरायचं. आधी विचारून घ्या, नाहीतर रखवालदाराला वाटतं काहीतरी भलतंच चाललंय.

चित्र चौकोनी यायला कॅमेऱ्याची उंची चित्राच्या मध्याला हवी. चित्र वर टांगलेलं असेल तर कॅमेरा वर वळवण्यापेक्षा चार पावलं मागे जा आणि ५५ च्या टोकाला झूम करा. किट लेन्स १८ वर सरळ कडा फुगवते, तिथे फ्रेम पिंपासारखी दिसते. ३५ च्या पुढे बरीच सरळ होते.

प्रकाशाचा हिशेब. जुने कागद, जलरंग, कापड यांवर ५० लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवावा असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. ५० लक्सला एफ/२.८, आयएसओ १६०० वर शटर साधारण १/४० येतं. किट लेन्सने एफ/५.६ वर तेच करायचं तर १/१०. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर खांबाला खांदा टेकून, श्वास सोडून, तीन-चार फ्रेम एकदम काढल्या की एक तरी खणखणीत येते. वस्तू हलत नाही हा म्युझियमचा मोठा फायदा आहे, शटर कमी ठेवायला भिऊ नका. फ्लॅश तर नाहीच. तो कागद-रंगाला घातक समजला जातो हे एक, आणि काचेवर आपटून फोटोच्या मधोमध पांढरा गोळा देतो हे दुसरं.

रंगाचं: वर ट्यूब, बाजूला खिडकी, शोकेसमध्ये पिवळा बल्ब, असा तिरंगी कारभार असला की ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फोटोला वेगळा निकाल देतो. खोलीत शिरल्यावर एका फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) घ्या, रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा, घरी त्या एका फ्रेमवरून सगळी खोली दुरुस्त होते. दुकानातला पांढरा कागद वापरू नका, त्यात निळसर चकाकी घातलेली असते.

राजवाडे मंडळात (स्थापना १९२७) दगडी मूर्ती आणि नाणी दोन्ही बघाल. काळा दगड फ्रेमभर असला की मीटर त्याला करडा करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर भरपाई -२/३ ते -१ स्टॉप करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). वरून सपाट उजेड असेल तर मूर्तीच्या समोरून नको, ज्या बाजूने खिडकीचा तिरपा उजेड येतो तिथून घ्या. नाकाची, दागिन्यांची सावली पडली की कोरीवकाम उठतं. नाण्यांसाठी ५० मिमी काढू नका. ती ३५-४५ सेंमीच्या आत फोकसच करत नाही. किट लेन्स ५५ वर २५ सेंमीपर्यंत जाते आणि नाणं जवळजवळ दुप्पट मोठं येतं. महागडी लेन्स पिशवीत आणि फुकटची कामाला.

प्रत्येक वस्तूनंतर तिच्या पाटीचा एक फोटो काढा. घरी आल्यावर कुठली मूर्ती कुठल्या गावची हे आठवत नाही, कोणालाच.

जाण्याचं: चाळीसगाव मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावर आहे आणि मूस यांचं घर स्टेशनजवळच. तिथूनच धुळ्याला रेल्वेचा फाटा जातो. दोन्ही एका दिवसात करायची असतील तर सकाळी चाळीसगाव, दुपारनंतर धुळे. दोन्हीकडे आधी फोन करून वेळ आणि कॅमेऱ्याची परवानगी विचारा. एक पानी अर्ज सोबत ठेवा: नाव, उद्देश (वैयक्तिक अभ्यास), फ्लॅश-ट्रायपॉड वापरणार नाही. अर्ज हातात दिला की निम्मं काम होतं.

---

बोरीचं_पाणी:

वरच्यात भर. कोणीतरी "पोलरायझर घ्या" म्हणेलच (लेन्सपुढे लावायचा, चकाकी कापणारा फिरता फिल्टर), म्हणून आधीच सांगतो. काचेवरचं प्रतिबिंब पोलरायझरने जातं ते साधारण ५५ अंशाच्या तिरकस कोनात. कोन काचेच्या लंबरेषेपासून मोजायचा. बरोबर समोर उभं राहिलात तर तो कितीही फिरवा, ढिम्म. वर दीड स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे १/४० चं १/१५ होतं. बाजारात दुकानाच्या काचा, ओल्या रस्त्याची चकाकी यासाठी ठीक. फ्रेमसाठी काळं कापडच.

मूस यांच्याकडे जाताय तर त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं (टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून उभी केलेली दृश्यं) सावकाश बघा. त्यांची नक्कल काढण्यापेक्षा प्रत्येक फोटोत सावली कुठल्या बाजूला पडलीय आणि तिची कड धारदार आहे की मऊ, एवढं वहीत टिपा. कड धारदार म्हणजे दिवा लहान किंवा लांब, मऊ म्हणजे मोठा किंवा जवळ. १९८९ मध्ये गेलेल्या माणसाकडून फुकट शिकवणी.

आणि काढलेले फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी संस्थेला विचारा. आपल्या कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. चौकातला पुतळा वेगळा, आतलं चित्र वेगळं.

---

तिहाई:

मैफलीचं लांबतं, चहा घेऊन बसा.

पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० असेल तर एक अख्खा हेलकावा मावतो, १/५० ला दोन. १/२५० ला हेलकाव्याचा एक तुकडाच येतो, मग एक फ्रेम उजळ, दुसरी पिवळट, तिसऱ्यात पट्टा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा; तो हेलकाव्याच्या माथ्यावर शटर टाकतो. पण तो या १०० च्या हेलकाव्यापुरता. स्टेजचे रंगीत एलईडी डिमरवर असले की हजारोंच्या वेगाने चालू-बंद होतात, तिथे त्याचा उपयोग नाही. तिथला खरा गुन्हेगार सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. साध्या कॅमेऱ्यात सेन्सर वरून खाली वाचायला १/५० ते १/२० सेकंद लागतात, तेवढ्यात दिवा अनेकदा लुकलुकतो आणि प्रत्येक लुकलुकीचा एक पट्टा छापला जातो. मेकॅनिकल शटरचा पडदा तेच काम १/२५० सेकंदाच्या आसपास उरकतो, म्हणून पट्टे नाहीत किंवा नावापुरते.

म्हणून साउंड चेक चालू असतो तेव्हाच जागेवर बसून १/१००, १/१२५, १/२००, १/२५०, १/३२० अशी पाच शटरं दोन्ही प्रकारच्या शटरवर मारून बघा. पडद्यावर मोठं करून पांढऱ्या कापडावर पट्टा शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. मागे एलईडी भिंत असेल तर तिचे स्वतःचे पट्टे वेगळे, ते १/१२५ च्या खाली आलं की विरतात.

एक्स्पोजर मॅन्युअल. काळी पार्श्वभूमी आणि मधे उजळ माणूस, मीटर हमखास फसतो आणि चेहरा जाळतो. गायकाच्या गालावर स्पॉट मीटर करा, तिथून एकदा ठरवा आणि लाइटवाल्याने खेळ केला नाही तोवर हात लावू नका. नाट्यगृहात सुरुवातीला एफ/२, १/२५०, आयएसओ ३२०० धरा आणि तिथून वर-खाली सरका. आता हेच तुमच्या किट लेन्सवर: ५५ मिमीला एफ/५.६ मिळतं, एफ/१.८ च्या जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश. म्हणजे आयएसओ २५६०० किंवा शटर १/३०. किट लेन्स घरी ठेवा, वादच नाही.

आयएसओ ३२०० ला दाणे येतात म्हणून ८०० वर अंधारा काढून घरी उजळू नका. ते दाणे सावलीत जास्तच उठतात आणि रंगही मातकट होतो.

७०-३०० चा निकाल इथेच लागतो. ३०० ला एफ/६.३ म्हणजे एफ/१.८ च्या बाराव्या हिश्शाएवढा प्रकाश. सभागृहात ती शोभेची. ८५ घ्या. १० मीटरवरून तुमच्या सेन्सरवर ५० मिमीत साधारण ४.७ x ३.१ मीटरचा तुकडा येतो: गायक, तबला, पेटी, मागचे तानपुरे, सगळी बैठक. ८५ मध्ये २.८ x १.८ मीटर: गायक आणि एखादा तानपुरा. उभा कॅमेरा धरलात तर बसलेला गायक एकटा छान बसतो. या दोन लेन्समध्ये मैफल होते.

बसायचं कुठे हे लेन्सइतकंच महत्त्वाचं. ख्यालाच्या बैठकीत तबला बहुधा गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडे, आणि पेटी प्रेक्षकांच्या उजवीकडे. तबलजी गायकाकडे तोंड करून बसतो. त्याचा चेहरा हवा असेल तर तुम्ही सभागृहाच्या उजव्या अंगाला हवे, पेटीवाल्याचा हवा असेल तर डाव्या. बरोबर मधोमध बसलात तर गायकाच्या तोंडावर माइक. तो ओठांवरून बाजूला सरकेल एवढं डावी-उजवीकडे सरका, दोन खुर्च्यांचा फरक पुरतो.

फोकस डोळ्यावर, एकच पॉइंट. पॉइंट मोठा असला की कॅमेरा माइकची जाळी पकडतो, कारण ती पुढे आहे आणि तिच्यावर बारीक रेषा आहेत. १० मीटरवरून ८५ एफ/१.८ ला साधारण मीटरभर खोली मिळते, तिथे हे खपून जातं. पण पहिल्या रांगेतून ३ मीटरवर ५० मिमीला जेमतेम २५ सेंमी. माइक लख्ख, डोळे मऊ, ही तिथली नेहमीची वाट.

तबल्याचे हात १/५०० ला गोठतात. पण दोन्ही हात गोठलेले असले की तबलजी नुसता हात ठेवून बसल्यासारखा दिसतो. १/१२५ च्या आसपास चेहरा स्थिर आणि बोटं थोडी पुसलेली, हे जास्त जिवंत. द्रुतमध्ये दोन्ही प्रकारे काढा.

आता क्षण. तानेच्या मधे दाबत सुटू नका. गायकाचा हात सुटतो आणि चेहरा खुलतो तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. विलंबित एकतालात एक आवर्तन पाऊण-एक मिनिटाचं असू शकतं, म्हणजे घाई काहीच नाही. मुखडा (समेकडे नेणारा बंदिशीचा तुकडा) कानावर आला की शटर अर्धं दाबून तयार राहा, सम आली की दोन-तीन फ्रेम. समेला श्रोत्यांची दादही येते, त्यात शटरचा आवाज बुडतो. आलापात, सुरुवातीच्या षड्जाला, कॅमेरा मांडीवर. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येते आणि मेकॅनिकल शटर टाचणीपेक्षा मोठं असतं.

लाल प्रकाश. एलईडीचा लाल म्हणजे फक्त लाल. हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये जवळजवळ काहीच येत नाही. मीटर सरासरी बघून म्हणतो प्रकाश कमी आहे, तुम्ही वाढवता, आणि लाल चॅनेल फुटतो. फुटलेल्या चॅनेलमध्ये गालाचा उतार, सुरकुती, काही उरत नाही. तो टोमॅटो. पडद्यावर तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावा, लाल डोंगर उजव्या भिंतीला टेकेपर्यंत येऊ देऊ नका. सहसा १ ते १ १/३ स्टॉप कमी करावं लागतं. रॉमध्ये काढलं आणि लाल फुटला नसेल तर घरी लाल चॅनेलवरून कृष्णधवल सुंदर निघतं. निळ्याचं तेवढं सुख नाही, त्यात दाणे फार. निळा पडला की थांबा, लाइटवाला फार वेळ निळ्यावर राहत नाही.

व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास बांधून टाका. ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक रंगाला तो पांढरा करू बघतो.

आणि निघण्याआधी: फोकसचा मदतीचा दिवा बंद, बीप बंद, फोटो काढल्यावर पडद्यावर दिसणं बंद, पडद्याची चमक कमीत कमी. मागच्या रांगेला गाणं ऐकायचं असतं, तुमचा पडदा बघायचा नसतो. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल २५ ते ३० एमबीची, ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास मावतात. एका रात्रीला तेवढं लागलं तर काहीतरी चुकतंय.

---

धुळेकर_नाना:

तिहाई यांनी सगळं सांगितलं, परवानगीचं राहिलं. आयोजकांना कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भेटा, गेटवर नको. काही जण सुरुवातीची १०-१५ मिनिटंच देतात, काही कलाकारांना समोर कॅमेरा चालतच नाही. रेकॉर्डिंग मात्र करू नका. फोटोची परवानगी म्हणजे व्हिडिओची नव्हे, आणि यावरूनच कॅमेरे बाहेर काढले जातात.

---

खापरावरचे_मांडे:

बाजाराकडे वळू या भो.

आधी फोकस, कारण ते सोपं आहे. किट लेन्स १८ वर, एफ/८, फोकस २ मीटरवर. तुमच्या सेन्सरवर १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं धारदार. आता कॅमेऱ्याला काही शोधायचंच नाही, दाबलं की झालं. लेन्सवर अंतराचे आकडे नसतील तर २ मीटरवरच्या खांबावर ऑटोने फोकस लावा आणि मग एमएफ (हाताने फोकस) करा. २ मीटर म्हणजे आडव्या खाटेची लांबी, डोळ्याला एकदा सवय झाली की मोजावं लागत नाही. दोन गोष्टी सांभाळा. झूमला धक्का लागला की फोकस सरकतो, म्हणून रिंगला कागदी टेपचा तुकडा. आणि नव्या मोटरच्या लेन्स कॅमेरा झोपला की फोकस विसरतात. स्लीपची वेळ वाढवा, नाहीतर दर वेळी पुन्हा खांब शोधा. २४ मिमीवर काम करायचं तर फोकस साडेतीन मीटरच्या थोडा पुढे, धारदार पावणेदोन-दोन मीटरपासून. ३५ ला हा खेळ सोडा, तिथे साडेसात मीटरवर लावावं लागतं आणि जवळचं सगळं जातं.

ऑटो आयएसओ १०० ते ६४००, किमान शटर १/२५०. उन्हातून ताडपत्रीखाली शिरलं की प्रकाश आठपट-दहापट पडतो, तेवढं कॅमेरा स्वतः सांभाळेल.

टोपीचं गणित. पांढरी टोपी, पांढरा सदरा फ्रेमभर असेल तर मीटर त्याला करडं करतो, म्हणून +१. उलट दुकानाच्या काळोख्या दारात एकच पांढरी टोपी असेल तर मीटर काळोख उजळायला जातो आणि टोपी जाते, म्हणून -१. दोन्हींत टोपी तीच, तुमची भरपाई उलटी. एक्स्पोजर नेहमी टोपीसाठी करा. रॉमध्ये चेहरा दोन स्टॉप वर उचलता येतो, फुटलेली टोपी परत येत नाही. आणि चेहरा जास्तच काळा असेल तर तो सेटिंगचा प्रश्न नाही, ऊन डोक्यावर आहे. जमीन पांढरट असेल, समोर पोत्यांची थप्पी किंवा चुन्याची भिंत असेल, तर खालून उजेड उसळून चेहरा भरतो. दाणा बाजारात ज्वारी पसरलेली असली की हा फायदा आपसूक मिळतो. डांबरी रस्त्यावर तो नाही.

डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशाच्याच आसपास असतो, म्हणजे बारा वाजताही सावली तिरपी पडते. हिवाळ्यात दिवसभर काम करता येतं. मेच्या चौथ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर, नाकाची सावली ओठावर. तेव्हा सकाळी साडेआठनंतर घरी. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच चालवा असं छापलेलं असतं आणि आपल्याकडे मेमध्ये ४४-४५ ही बातमीसुद्धा नसते. काळं अंग उन्हात त्याहून तापतं. पांढरा सुती रुमाल टाकून फिरा, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका.

ताडपत्री. भाजीच्या ओट्यांवर निळी ताडपत्री असते आणि तिच्यातून गाळलेला उजेड वांग्यालाही निळा आणि बाईच्या गालालाही निळा. ऑटो व्हाइट बॅलन्स अर्धवट दुरुस्त करतो, मग सावली निळी आणि कडेचं ऊन केशरी. दोन्ही एका फ्रेममध्ये घेऊ नका. ताडपत्रीच्या कडेला, जिथे थेट आकाशाचा उजेड ओट्यावर पडतो, तिथे उभे राहा आणि आतल्या निळ्याला पार्श्वभूमी करा. उन्हाळ्यात सिग्नलवर टांगतात त्या हिरव्या जाळीखाली चेहरे आजारी दिसतात, तिथे टिंट (व्हाइट बॅलन्समधला हिरवा-मॅजेंटा तोल) मॅजेंटाकडे सरकवा. पिवळी ताडपत्री मात्र देव भेटला समजा.

सराफ बाजारात दुकानाच्या आत रोखू नका. तराजू, कपाट, गिऱ्हाइकाच्या हातातला दागिना यांचा अनोळखी माणसाने फोटो काढला की ते घाबरतात, आणि बरोबरच आहे. आधी मालकाला विचारा, कारागिराचे हात घ्या, गिऱ्हाइकाचा चेहरा नको. बाकी बाजारात म्हाताऱ्या माणसाला "बाबा, तुमना फोटू काढू का?" एवढं विचारलं की बहुतेकदा होकारच येतो, फक्त मग ते ताठ बसतात. एक ताठ फोटो काढून दाखवा, आभार माना, तिथेच थांबून राहा. ते भावाची घासाघीस करायला लागले की खरा फोटो. पुढच्या रविवारी ४x६ चा प्रिंट नेऊन द्या. दहा-वीस रुपयांत अख्खी गल्ली मोकळी होते. लहान पोरांचा फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नाही. स्टेशनात कॅमेरा काढायचा तर आधी स्टेशन मास्तर.

---

मेहरुणकाठ:

आभारी आहे सगळ्यांचा. ८५ पक्की. दोन शंका उरल्या. मेकॅनिकल शटर आवाज करतं, इलेक्ट्रॉनिक पट्टे देतं, मग खुल्या बैठकीत पहिल्या रांगेत बसलो तर काय करायचं? दुसरं, सारंगखेड्याची यात्रा आणि नंदुरबारच्या मिरची पथारी (मिरची वाळवायच्या मोकळ्या जागा) यादीत घालाव्या म्हणतो, तिथे काय वेगळं लागतं?

---

तिहाई:

इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन नावाचा तिसरा पर्याय मेनूत बघा. सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट खऱ्या पडद्याने. आवाज निम्म्याच्या आसपास येतो आणि पट्टे मेकॅनिकलसारखेच कमी. एक खोड आहे: एफ/१.८ वर १/१००० च्या वर गेलात तर मागचे दिव्यांचे गोळे अर्धे कापल्यासारखे दिसतात. मैफलीत तेवढं शटर लागतच नाही. आणि खुल्या बैठकीत जुने पिवळे हॅलोजन असतील तर सायलेंटही बिनधास्त वापरा. त्यांची तार तापलेली राहते, हेलकावा अगदी हलका असतो. आधी तपासा एवढंच.

---

पथारीवाला_नंदुरबार:

सारंगखेडा दत्तजयंतीला, तापीकाठी, घोड्यांचा बाजार. पळता घोडा गोठवायला १/१०००, आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवून मागचं पुसायचं असेल तर १/३० ते १/६०. फिरवताना पाय रोवून कमरेतून वळा, दाबल्यावर थांबू नका, पुढे फिरवत राहा. संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून काढलं की उडालेली धूळ सोन्यासारखी पेटते, पण एक्स्पोजर धुळीच्या उजळ भागावर ठेवा. लेन्स तिथे बदलायचीच नाही. घरून निघताना एक लावा, तीच रात्रीपर्यंत. बदललीच तर एफ/१६ ला आकाशाचा फोटो काढून काळे ठिपके मोजा, सेन्सरवर काय बसलंय ते कळेल. ब्लोअरने फुंका, तोंडाने नाही. घोड्याच्या मागे उभं राहू नका हे सांगायला नको.

पथारीवर लाल रंगाचं तेच होतं जे तिहाईंनी स्टेजचं सांगितलं. एकरभर लाल मिरची, वर ऊन, की लाल चॅनेल फुटतो आणि मिरच्यांच्या जागी लाल रंगाची चादर येते. एकेक मिरचीची सुरकुती हवी तर -२/३ ते -१, रॉ, आणि पिक्चर स्टाइल व्हिव्हिडवरून काढून न्यूट्रलवर. नाहीतर पडद्यावरचा हिस्टोग्रामच खोटं सांगतो, कारण तो जेपेगवरून बनतो. सकाळी आठच्या आधी किंवा चारनंतर तिरप्या उन्हात प्रत्येक मिरचीची सावली वेगळी पडते. समोरून सपाट ऊन असेल तर जमिनीलगत बसून काढा, उभ्याने नाही. मिरची उलटणाऱ्या बायका रोजावर असतात, त्यांचं काम अडेल असं मधे जाऊ नका. आधी मुकादमाला विचारा.

हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. नाकाला रुमाल बांधा, खोकला येतोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे वापरलेलं लेन्सचं कापड वेगळ्या पिशवीत ठेवा. मिरचीची पूड त्यात बसते, त्याच कापडाने व्ह्यूफाइंडर पुसला की पुढचा तासभर एका डोळ्यानेच काम करावं लागतं. व्ह्यूफाइंडरची रबरी वाटी घरी काढून साबणाच्या पाण्याने धुवा, कॅमेऱ्याचं अंग कोरड्या ब्रशने झाडा, ओलं फडकं फिरवू नका. पूड ओली झाली की बटणांच्या फटीत लगदा होऊन बसते.